रात्रीचे फोटो प्रिंटला देण्याआधी

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, सिटी चौक, शहागंज इथे रात्री फिरून काढलेले फोटो घेऊन येणारे ग्राहक वाढले आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण आमच्या प्रिंट लॅबच्या काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो : "मोबाईलवर तर झकास दिसतोय, मग प्रिंट अशी का आली?"

बहुतेक वेळा फोटो हललेला असतो. हातभर अंतरावरच्या छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही, १२ बाय १८ इंचांच्या कागदावर मात्र लपत नाही. कॅमेरा ऑटोवर असला की अंधारात तो शटर बराच वेळ उघडं ठेवतो, कधी १/१५ सेकंद, कधी १/८. तेवढ्यात चालता माणूस जवळपास वीतभर पुढे सरकलेला असतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्या माणसाला नाही. मोबाईलचा नाइट मोड बरेच फोटो एकावर एक जोडतो. पाणचक्कीच्या स्थिर इमारतीसाठी तो उत्तम, हलत्या गर्दीसाठी नाही.

गेल्या रमजानमध्ये कॉलेजातल्या एका मुलाने शहागंजचा फोटो आणला होता. भट्टीतून नान काढणारे चाचा. भट्टीची वीट न् वीट स्पष्ट, पण चाचांचा हात आणि नान म्हणजे नुसता पिवळा फराटा. फाइल उघडून पाहिली : आयएसओ (म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील; तो वाढवला की फोटोत दाणे येतात) २००, शटर १/८. त्याला म्हटलं, प्रिंटचे पैसे वाया घालवू नकोस, आयएसओ ३२०० कर, शटर आपोआप १/१२५ ला येईल, फोटो तेवढाच उजळ येईल. दुसऱ्या रात्री तो परत गेला. नवा फोटो दाणेदार आहे खरा, पण नानवरून उडणारं पीठसुद्धा दिसतं. तो आमच्या भिंतीवर लावला आहे, जरूर बघा.

दाण्यांना घाबरू नका. स्क्रीनवर झूम करून दिसतात तेवढे ते कागदावर दिसत नाहीत. थोडा काळपट फोटोही आम्ही उजळून देतो. हललेला मात्र कुठलीच लॅब सरळ करू शकत नाही. म्हणून उभ्या माणसाला शटर निदान १/६०, चालत्याला १/१२५. एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येत असतील तर १/१०० ठेवून बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स ५० एमएमच्या आसपास एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). ५० एमएम एफ/१.८ तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. ती आमच्याकडे एका रात्रीसाठी भाड्याने मिळते. विकत घेण्याआधी एकदा वापरून पाहा.

फाइल व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे १८ इंचांत इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह आणा.

मोठ्या प्रिंटआधी आम्ही ४ बाय ६ ची टेस्ट काढतो आणि तिचे पैसे घेतो. काहींना हे खटकतं. पण स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, त्यामुळे रात्रीचा फोटो कागदावर हमखास गडद येतो. तो किती उजळायचा हे टेस्ट हातात आल्यावरच ठरतं. मोठी प्रिंट घेतलीत तर टेस्टचे पैसे त्यातून वजा होतात.

रमजान आणि गणपतीच्या दिवसांत लेन्सला मागणी फार असते, दोन दिवस आधी सांगून ठेवा.