तमांग विरुद्ध पॉल (इंडियन आयडॉल ३, २००७)

रिअ‍ॅलिटी शोमध्ये पब्लिक गाण्याला मत देतं की आपल्या माणसाला, हा वाद निघाला की भारतातली ही केस हमखास आठवते. सोनीवरच्या इंडियन आयडॉलच्या तिसऱ्या सीझनची फायनल २३ सप्टेंबर २००७ ला झाली, समोरासमोर होते दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल.

प्रशांत नेपाळीभाषक गोरखा, वडील गेल्यावर कोलकाता पोलिसात कॉन्स्टेबल म्हणून लागलेला आणि पोलिसांच्याच ऑर्केस्ट्रात गाणारा. आवाजात अमित सरस होता असं बऱ्याच जणांचं मत, आणि खरं सांगायचं तर ते चूक नव्हतं. पण मतदान एसएमएसचं, एकाने कितीही पाठवा, त्यामुळे किती लोकांना आवडला यापेक्षा किती लोक पदरचे पैसे घालून बोटं झिजवायला तयार आहेत ते मोजलं जायचं. दार्जिलिंगमध्ये वर्गण्या निघाल्या, फॅन क्लब झाले, सिक्कीम आणि नेपाळमधूनही पाठिंबा आला. एकूण सुमारे ७ कोटी मतं पडली असं तेव्हा सांगितलं गेलं आणि प्रशांत प्रचंड फरकाने जिंकला.

शिलाँगची गोष्ट थोडी वेगळी. अमित बंगाली, आणि तिथे स्थानिक खासी जमात विरुद्ध बाहेरचे (खासीत ‘डखार’) हे भांडण जुनं, १९७९ पासून दंगली झालेल्या. तरी अख्खं शहर त्याच्यामागे उभं राहिलं, मेघालय सरकारने तर त्याला शांतता आणि सलोख्याचा ब्रँड अँबेसेडर केलं. म्हणजे तीच निष्ठा एका ठिकाणी जमातीची भिंत ओलांडून गेली आणि दुसरीकडे जमातीलाच घट्ट बांधून गेली.

निकालानंतर दिल्लीतल्या एका एफएम स्टेशनच्या आरजेने, नेपाळी लोक आयडॉल झाले तर आता आपली राखण कोण करणार, अशा अर्थाचा जोक मारला. आपल्याकडेही गुरखा म्हटलं की सोसायटीत रात्री काठी आपटत शिट्टी वाजवणारा माणूसच डोळ्यासमोर येतो, तेव्हा हसणारे फक्त दिल्लीतच होते असं समजू नये. २८ सप्टेंबरला दार्जिलिंगच्या पायथ्याच्या सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्याची दंगल झाली, कर्फ्यू लागला, लष्कर बोलवावं लागलं.

त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनच्या सेलिब्रिटी बिग ब्रदरमध्ये शिल्पा शेट्टीला वंशद्वेषी वागणूक मिळाली, ४० हजारांवर तक्रारी गेल्या आणि शेवटी प्रेक्षकांनीच तिला जिंकवलं. अमेरिकेच्या सर्व्हायव्हरने तर २००६ मध्ये स्पर्धकांच्या टोळ्याच गोरे, काळे, आशियाई, हिस्पॅनिक अशा पाडल्या होत्या, पण तिथे विजेता स्पर्धकच ठरवतात, पब्लिक नाही. इंडियन आयडॉलने असं काही मुद्दाम पाडलं नव्हतं. फक्त स्पर्धकाच्या गावाचं नाव मोठं करून दाखवायचं आणि एसएमएसचा नंबर द्यायचा, बाकीचं काम लोकच करतात.

दार्जिलिंगच्या डोंगरात याचा परिणाम गाण्याच्या पार पुढे गेला. तिथले जुने नेते सुभाष घिशिंग यांनी प्रशांतच्या कॅम्पेनकडे फारसं लक्ष दिलं नाही, लोकांना ते लागलं. बिमल गुरुंग मात्र त्यात पुढे होते. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला, फॅन क्लबसाठी जमलेली बरीच पोरं वेगळ्या गोरखालँड राज्याच्या मागणीत गेली आणि मार्च २००८ मध्ये घिशिंग यांना दार्जिलिंगचा कारभार पाहणाऱ्या डोंगरी परिषदेच्या प्रमुखपदाचा राजीनामा द्यावा लागला.