कार्यवाटप (मानसिक आरोग्य)

मनोविकारावरील उपचारांचा काही ठरावीक भाग मनोविकारतज्ज्ञाऐवजी खास प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तीने देण्याची पद्धत. ही व्यक्ती डॉक्टर, परिचारिका किंवा मानसशास्त्राची पदवीधर नसते. बहुधा ती त्याच भागात राहणारी, रुग्णाची बोली बोलणारी असते. तिला आरोग्य समुपदेशक म्हणतात. गुंतागुंतीच्या रुग्णाचे निदान, त्याची औषधे आणि समुपदेशकांचे मार्गदर्शन ही कामे तज्ज्ञाकडेच राहतात. नव्या औषधाला जी कसोटी लावतात तीच, म्हणजे यादृच्छिक नियंत्रित चाचणीची (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून त्यांची तुलना करण्याची) कसोटी, या पद्धतीलाही लावून पाहण्याचे मोलाचे काम गोव्यात झाले. पुढे त्याचा धागा सातारा आणि अमरावतीपर्यंत पोचला.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले (त्यात महाराष्ट्र व गोवा नव्हते). त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे दिसले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत. पण अडचण फक्त संख्येची नाही. नैराश्य असलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाही. अंग दुखते, थकवा जात नाही, झोप लागत नाही, ‘टेन्शन’ आहे, असे तो सांगतो आणि ताकदीच्या, दुखण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेऊन घरी जातो. म्हणून केवळ मनोविकारतज्ज्ञांच्या जागा वाढवल्या तरी हा माणूस त्यांच्यापर्यंत पोचेलच असे नाही.

मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी झिंबाब्वेत काम केल्यानंतर १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढली. कोंकणीत या नावाचा अर्थ ‘सोबत’ असा होतो. या गटाची पहिली मोठी चाचणी २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात आलेल्या, नैराश्य व चिंता यांसारखे नेहमी आढळणारे मनोविकार असलेल्या ४५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले होते. एका गटाला फ्लुओक्सेटीन हे नैराश्यरोधक औषध, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि तिसऱ्याला मानसोपचार दिला. दोन महिन्यांनी औषधाचा गट नुसत्या गोळीच्या गटापेक्षा बरा होता. मानसोपचाराचा गट मात्र नव्हता. बोलून उपचार करण्यावर ज्यांचा भरवसा होता त्यांच्यासाठी हा निकाल कडू होता. तो दडवला गेला नाही, जसा आला तसा छापला गेला, हे या संशोधनपरंपरेबद्दल सर्वांत आधी सांगायला हवे. उपचार इथल्या माणसाला समजेल असा नाही का, रुग्ण पुढच्या बैठकीला का येत नाहीत, हे प्रश्न त्यानंतर गांभीर्याने घेतले गेले.

पुढची चाचणी ‘मानस’. तिच्यात १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि खासगी डॉक्टरांचे १२ दवाखाने होते. इथे रुग्णांच्या नव्हे, तर केंद्रांच्याच चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या केंद्रांत आरोग्य समुपदेशक नेमले आणि उपचार पायरीपायरीने चढवत नेले. आधी आजार समजावून सांगणे, श्वसन व योग. गरज पडली तर औषध किंवा नातेसंबंधांतील ताणांवर काम करणारा मानसोपचार. त्यानेही भागले नाही तर भेटीवर येणारे मनोविकारतज्ज्ञ. चाचणीत २,७९६ जण सहभागी झाले आणि निकाल २०१० मध्ये आला. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, तर नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असण्या-नसण्याने फरक पडला नाही. दोन्हीकडे साधारण ६५ टक्के बरे झाले. वर्षानुवर्षे त्याच कुटुंबाला ओळखणारा फॅमिली डॉक्टर बरेचसे काम आधीच करत असावा, असा अर्थ यातून निघतो. चाचणीच्या बातम्यांत ही बाजू सहसा वगळली जाते. खरे तर समुपदेशकाची गरज नेमकी कुठे आहे, हे तीच दाखवते. जिथे गर्दीत डॉक्टरला नाव विचारायलाही सवड नसते, तिथे.

यानंतर गोव्यातील गटाने उपचारच नव्याने बांधला. नैराश्यासाठीच्या कार्यक्रमाचा पाया ‘वर्तन-सक्रियण’ हा होता. अमेरिकेत नील जेकबसन यांच्या गटाने १९९६ मध्ये नैराश्यावरील विचारोपचाराचे (रुग्णाचे खचवणारे विचार तपासून बदलण्याच्या उपचाराचे) भाग सुटे करून तपासले होते. रुग्णाला हळूहळू कामाला लावणारा भाग एकटाच दिला तरी तो संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडतो, असे त्यांना आढळले होते. गोव्याच्या दृष्टीने हा शोध मोलाचा ठरला, कारण विचारांची चिरफाड शिकवायला वर्षे लागतात, पण हा भाग साध्या बोलीत शिकवता येतो. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. बाजारात जाणे, शेजारणीशी बोलणे, देवदर्शन, बाग सगळे सुटते. सोडल्यामुळे मन अधिक खचते, आणि खचल्यामुळे आणखी सुटते. समुपदेशक हे चक्र रुग्णाला त्याच्याच आठवड्यातल्या उदाहरणांनी दाखवतो. मग दोघे मिळून एक लहानसे, जमण्याजोगे काम ठरवतात. पुढच्या भेटीत ते झाले का, झाल्यावर कसे वाटले, आणि झाले नसेल तर आड काय आले, यावर बोलणे होते. असे सहा ते आठ वेळा, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. घरी जाण्याची ही सोय किरकोळ वाटेल, पण आधीच्या चाचणीत नेमके इथेच अडले होते. ज्याचे अंथरुणातून उठणेच आजाराने हिरावले आहे, त्याने बस पकडून वेळेवर यावे ही अपेक्षा चुकीची होती.

या उपचाराची चाचणी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ प्रौढ रुग्ण तिच्यात होते. समुपदेशन कोणाला मिळाले हे रुग्णापासून लपवता येत नाही, म्हणून परिणाम मोजणाऱ्यांना रुग्णाचा गट कळू दिला नाही. तुलनेचा गटही वाऱ्यावर सोडला नव्हता. त्या रुग्णांच्या डॉक्टरांना निदान कळवले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेची उपचारसूत्रेही दिली होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लक्षणमुक्त झाले, इतरांपैकी ३९ टक्के. वर्षाने तफावत थोडी कमी झाली, पण टिकून राहिली. घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी याच केंद्रांत जोडचाचणी झाली. तिच्यात एक ते चार बैठकींनंतर ३६ टक्के जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. तुलनेच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. दोन्ही निकाल एकत्रच प्रसिद्ध झाले.

समुपदेशक चांगले काम करतो आहे हे ओळखायचे कसे, या प्रश्नाचे गोव्यातले उत्तर मला सर्वांत मौल्यवान वाटते. बैठकींचे ध्वनिमुद्रण रुग्णाच्या संमतीने केले जाई आणि समुपदेशकांचा गट ते एकत्र ऐकून ठरलेल्या गुणपत्रिकेवर एकमेकांना गुण देई. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत बसत, मग देखरेखीची सूत्रे हळूहळू समुपदेशकांच्याच हाती गेली. चुका सहकाऱ्यांदेखत ऐकून घ्यायला धैर्य लागते. एकत्र ऐकून गुण देण्याची ही पद्धत गाळून नुसते चार दिवसांचे प्रशिक्षण देणे म्हणजे कार्यवाटप नव्हे. कमी पगाराच्या माणसावर काम ढकलण्यासाठी या संशोधनाचा दाखला देणे हा त्यावर अन्याय आहे.

अशाच चाचण्या इतरत्रही झाल्या. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांच्या गटाने सरकारी आरोग्यसेविकांकरवी गरोदर व बाळंत स्त्रियांच्या नैराश्यावर उपचार केले (२००८). झिंबाब्वेत हरारेच्या दवाखान्यांच्या आवारात बाकावर बसून वयस्क स्त्रिया समुपदेशन करतात. डिक्सन चिबांडा यांच्या या ‘फ्रेंडशिप बेंच’ची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे फायदा स्पष्ट दिसला.

स्किझोफ्रेनियात (भास व भ्रम होणाऱ्या तीव्र मनोविकारात) मात्र यश मर्यादित आहे. गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेली ‘कॉप्सी’ चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कार्यकर्ते घरी जाऊन औषधे चालू राहतात का पाहत, कुटुंबाशी बोलत, रुग्णाला समाजात परतायला मदत करत. वर्षभराने लक्षणे व परावलंबन यांत रुग्णालयातील नेहमीच्या उपचारापेक्षा थोडीच अधिक सुधारणा दिसली, आणि तीही मुख्यतः तमिळनाडूत. या आजारात समुपदेशक तज्ज्ञाला पूरक ठरतो, त्याची जागा घेत नाही.

चाचणीबाहेर, खऱ्या गावात काय होते, हे पाहण्याचा प्रयत्न अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने केला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भातील ३० गावे त्यासाठी निवडली होती. गावातल्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलत आणि त्रास असलेल्यांना ओळखत; समुपदेशक त्यांना भेटत; गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ जवळच्या ठिकाणी येऊन तपासत. नागपूरच्या मनोरुग्णालयापर्यंत जायचे तर मजुरी बुडते आणि गावात चर्चाही होते, ते दोन्ही टळले. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार १८ महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती, त्यामुळे ही सगळी वाढ प्रकल्पामुळेच झाली असे काटेकोरपणे म्हणता येत नाही. शिवाय प्रकल्पाच्या अखेरीसही या गावांत नैराश्य असलेल्या चारांपैकी जवळजवळ तिघांनी कोणाचीच मदत घेतलेली नव्हती.