इंजिन नुसतं चालू असतं, तेव्हा कॅमशाफ्टचं काय होतं?

‘गाडी पळवलीच नाही, नुसती चालू ठेवली होती, मग इंजिन झिजेल कसं?’ असं अनेकजण मनापासून विचारतात. वेगाने झीज वाढते हा अनुभव बऱ्याच यंत्रांबाबत खरा ठरतो. पण कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारा फिरता दांडा, जिथे सपाट टॅपेटवर, म्हणजे त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधल्या भागावर, घासत फिरतो, तिथलं गणित वेगळं आहे. त्याच्या लोबच्या, म्हणजे त्यावरच्या उंचवट्याच्या, टोकावर सर्वांत मोठा भार येतो तो इंजिन मंद फिरत असताना.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमशाफ्टवरचा अंडाकृती लोब टॅपेट दाबून व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग तो मिटवते.

लोबचं टोक टॅपेटवर येतं तेव्हा स्प्रिंग पूर्ण दबलेली असते. याच जागी उघडत आलेल्या व्हॉल्व्हला थोपवून माघारी वळवायचं असतं, आणि ते काम स्प्रिंगकडेच असतं. वेग जास्त असेल तर स्प्रिंगच्या जोरातला बराच वाटा या वळवण्यातच खर्ची पडतो आणि टोकावर फक्त उरलेला जोर येतो. वळवायला लागणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. फेरे ८०० वरून ४००० वर गेले की ते २५ पट होतं. उलट ८०० फेऱ्यांवर ते जवळजवळ नसतंच, त्यामुळे स्प्रिंगचा सगळा जोर एका अरुंद पट्टीवर एकवटतो.

त्यात ऑइलची अडचण. दोन पृष्ठभागांमध्ये ऑइलचा थर टिकतो तो त्यांच्या हालचालीने ऑइल आत ओढलं जातं म्हणून. वेग कमी, तर थर पातळ. शिवाय लोबच्या आकारामुळे टोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा अशी येते, की तिथे ऑइल आत ओढण्याचा वेग क्षणभर शून्य होतो. तिथे धातू आणि धातू यांच्यामध्ये उरतो तो झिंक आणि फॉस्फरस असलेल्या रसायनाने पृष्ठभागावर धरलेला फॉस्फेटचा काचेसारखा थर, साधारण एक दशांश मायक्रॉन जाडीचा. हे रसायन ऑइलमध्ये मुद्दाम मिसळलेलं असतं. उष्णता आणि घासण्याचा ताण यांतूनच हा थर तयार होतो, झिजतो आणि पुन्हा तयार होतो. मला इंजिनातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पण फॉस्फरसमुळे गाडीचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून आधुनिक ऑइलमध्ये त्याच्या प्रमाणावर मर्यादा आहे. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला ऑइल निवडताना हे पाहावंच लागतं. रोलर बसवलेल्या इंजिनांत घासण्याऐवजी लोळण असते, तिथे ही चिंता बरीच कमी.

झिजलेला लोब ओळखायचा कसा? टकटक आवाज आला की सगळे टॅपेटकडे बोट दाखवतात. पण आवाज लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या वाढलेल्या फटीचाही असू शकतो किंवा ऑइलच्या दाबाने ही फट आपोआप भरणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटमधून ऑइल उतरून गेल्याचाही. उलट व्हॉल्व्ह सीटमध्ये (मिटल्यावर तो टेकतो त्या कड्यात) रुतत गेला तर फट कमी होते, आवाज थांबतो आणि मालक निश्चिंत होतो. हीच शांतता धोक्याची. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण टेकला नाही तर त्याची उष्णता सीटमधून बाहेर जात नाही आणि त्याची कड जळते. सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती मोजणाऱ्या लीकडाउन चाचणीत लोबची झीज दिसत नाही, कारण व्हॉल्व्ह नीट मिटत असतो, नीट उघडत नसतो एवढंच. म्हणून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून इंजिन हाताने फिरवायचं आणि प्रत्येक व्हॉल्व्हची उचल मोजायची. एकाच प्रकारच्या व्हॉल्व्हांमध्ये एखाद्याची उचल कमी भरली, की दोषी लोब सापडला.

‘झिजलेला धातू भरून काढणारं’ द्रव्य बाटलीत विकलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. लोबचा कडक केलेला थर पातळ असतो. तो एकदा फाटला की खालचा मऊ धातू भराभर जातो, आणि गेलेला आकार कुठलंही ऑइल परत आणू शकत नाही. दाट ऑइल आवाज दाबतं, पण थंड इंजिनात वरपर्यंत पोहोचायला वेळ लावतं.

दुरुस्ती म्हणजे कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकत्र बदलणं. जुना टॅपेट नव्या लोबवर बसवू नये. टॅपेटचं तोंड किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरपा घासलेला असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. जुन्या झिजलेल्या तोंडाने हे फिरणं थांबतं आणि नवा लोबही लवकरच खराब होतो. धातूचा कीस ऑइलच्या वाटांमध्ये अडकलेला असतो, तोही धुऊन काढावा लागतो. लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावतात. आणि सपाट टॅपेटचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, की ते आयडलवर, म्हणजे नुसतं मंद चालू, न ठेवता लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर वीसेक मिनिटं चालवतात, मग ऑइल आणि फिल्टर बदलतात. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांमध्ये चकाकणारा कीस आहे का, हे त्याच वेळी पाहून घ्यावं.