पार्श्वभूमी: कळलावी, तिचा कंद आणि तिचं विष

भर पावसाळ्यात कुंपणावर, बांधावर, रानाच्या कडेला लाल-पिवळी कळलावी फुललेली दिसते. आपल्याला ती इथलीच वाटते आणि ते खरंही आहे, पण तिचा मुलूख फार मोठा आहे. सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया, एवढ्या प्रदेशात ती आपोआप वाढते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधी प्राचीन, संगमकालीन तमिळ काव्यात ती आली होती आणि आयुर्वेदाने तिला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, गणलं होतं.

कोरडे महिने ती काढते जमिनीखाली. पाऊस ओसरला की वेल वाळतो आणि बोटाएवढा जाड, दुबेळक्यासारखा कंद मातीत पडून राहतो. पुढच्या पावसात कोंब फुटतो तो टोकालाच; ते टोक मोडलं तर कंद फुकट गेला. वर आलेल्या वेलाला वेगळे तणावे नसतात. पानाचा शेंडाच गुंडाळत जाऊन शेजारच्या झुडपाला धरतो.

फूल तर जवळ जाऊनच पाहावं. सहाही पाकळ्या मागे उलटलेल्या, पुंकेसर चहूकडे पसरलेले आणि स्त्रीकेसराचा दांडा बुडाशीच काटकोनात एका बाजूला वळलेला. मधासाठी आलेल्या फुलपाखराच्या पंखांना पराग लागतात आणि पुढच्या फुलात तेच पंख बाजूला काढलेल्या कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या पराग झेलणाऱ्या टोकाला, घासतात. मला रंगापेक्षाही ही रचना देखणी वाटते.

माणूस मात्र तिच्या मागे लागला तो विषासाठी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो, पण मोजक्या मात्रेत ते गाउट या सांध्यांच्या दुखण्यावरचं औषध आहे. त्याने वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करता येतात हे १९३७ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्ली यांनी दाखवलं, तेव्हापासून नवे वाण तयार करणाऱ्यांनाही ते हवंसं झालं. तमिळनाडूत, जिथे कळलावी राज्यफूल आहे, बियांसाठी तिची शेती होते आणि फुलांचं परागीभवन हातांनी करतात. लागवडीचे कंद मात्र बरेचदा रानातूनच खणून आणले गेले.

ऑस्ट्रेलियात उलट घडलं. बागेत हौसेने लावलेली कळलावी क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली, आणि आता तिथे ती तण म्हणून उपटतात. आपल्याकडे उपटणं परवडणारं नाही: बीपासून आलेलं रोप फुलायला तीन-चार वर्षं घेतं, त्यामुळे एकदा ओरबाडलेलं रान लवकर भरून येत नाही.