लहान मुलांमधील पक्षाघात आणि कुटुंब

मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर मुलांनाही पक्षाघात होतो. (मराठीत ‘बालपक्षाघात’ हा शब्द पोलिओसाठी रूढ आहे, तो आजार वेगळा.) अंगावरून वारं जाणं हे म्हातारपणाचं दुखणं, अशी समजूत पक्की असल्याने मुलाच्या बाबतीत शंकाच येत नाही आणि मोलाचे तास निघून जातात.

जन्माच्या सुमारास झालेला पक्षाघात तर महिनोनमहिने लपून राहतो. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना आधी जाणवतं, की उजवी मूठ उघडत नाही. बोटं एकेक सोडवून तळव्यातला मळ काढावा लागतो. खुळखुळा उजवीकडे धरला तरी डावा हात छातीवरून पलीकडे येतो. घरात कौतुकाने ‘डावखुरा होणार’ म्हणतात. पण पहिल्या वर्षात बाळ असा एकच हात निवडत नसतं. तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

निदान झालं की ‘बरा होईल ना?’ याच्या पाठोपाठ ‘कशामुळे झालं?’ येतं, आणि त्याचं ‘कोणामुळे?’ व्हायला वेळ लागत नाही. आई गरोदरपणाचा एकेक दिवस आठवते. कोणी न पाळलेलं ग्रहण काढतं. नवजात बाळांमध्ये बहुधा नेमकं एक कारण सापडतच नाही, आणि ग्रहणाचा तर काडीचा संबंध नसतो. यात आईची चूक नाही, हे डॉक्टरांनी सगळ्या घरासमोर स्पष्ट सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

सहा महिने ते दोन वर्षं या वयात भारतात आणखी एक प्रकार दिसतो. बाळ पलंगावरून पडतं, रडून शांत होतं आणि थोड्या वेळाने एका बाजूचा हात-पाय हलेनासा होतो. ज्या आजीच्या किंवा ताईच्या हातून ते पडलं, तिला घर बोल लावतं, तीही स्वतःला माफ करत नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे ठिपके दिसतात. दोष आधीचा असतो, पडणं निमित्त. यातली बरीच मुलं चांगली सावरतात.

विदर्भातल्या सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांना धोका आधी ओळखता येतो. डोक्याच्या डॉपलर तपासणीत (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह मोजण्याच्या तपासणीत) मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा अधिक आढळला, तर नियमित रक्त चढवल्याने पहिला पक्षाघात बहुतांशी टळतो, हे 1998 साली सिद्ध झालं आहे.

पुढची वर्षं व्यायामाची. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत उपचार मोफत मिळतात, पण खरं काम घरीच होतं. दुबळा हात वापरात यावा म्हणून चांगल्या हाताला रोज काही तास मोजा घालतात. मूल चिडतं, रडतं. आजीला बघवत नाही, ती मोजा काढते, आणि त्यावरून वाद होतात. तिलाच व्यायामात घेतलं तर ते मिटतात. वाटाण्याच्या शेंगा सोलायला, लाटी थापायला, आरतीला टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात, आणि हे सगळं आजीजवळच चाललेलं असतं.