ओल्ड गोवा आणि फोंतेन्हास एक नाही: गोल्फच्या ट्रिपमधला शहराचा दिवस ठरवताना

पुण्या-मुंबईचे लोक दक्षिण गोव्यात गोल्फ खेळायला यायचे असले की त्यांच्या प्लॅनमध्ये एक ओळ हमखास असते, 'एक दिवस ओल्ड गोवा, रंगीत घरं, फोटो'. आणि दरवेळी तेच परत सांगावं लागतं की बाबांनो, रंगीत घरं ओल्ड गोव्यात नाहीयेत, ती पणजीत फोंतेन्हासमध्ये आहेत, आणि ओल्ड गोवा म्हणजे आमचं जुनं गोवं तिथून मांडवीच्या काठाकाठाने नऊ-दहा किलोमीटरवर आहे. ट्रिपा काढणारे पण एकीकडचा फोटो लावून खाली दुसरीकडचं नाव लिहितात, त्याचा मला फार राग येतो.

गोल्फचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोबोरचा कोर्स 12 होलचा, सगळे पार-3, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे. काणकोणला राजबागचा 9 होलचा, टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, बदलून 18 खेळायचे. दोन्ही कोर्स अगदी खाली दक्षिणेला आणि बघायची दोन्ही ठिकाणं वर तिसवाडी तालुक्यात, काणकोणहून पणजी सत्तरेक किलोमीटर पडते, तेव्हा सकाळी राउंड मारून दुपारी शहर असं अजिबात करू नका, शहराला वेगळा दिवस ठेवा.

फोंतेन्हास तर सगळ्यांनी फोटोत बघितलंय. आल्तिनोच्या टेकडीखाली, ओरेमच्या खाडीलगत, पिवळी-निळी-लाल घरं, बाल्कन्या, अरुंद गल्ल्या. लोक राहतात तिथे. कुणाच्या पायरीवर बसून, कुणाच्या दाराला टेकून फोटो काढू नका, एवढंच.

आता खरा गोंधळ कुठे होतो ते बघा. लोकांना वाटतं दोन्ही पोर्तुगीजांचंच, दोन्ही जुनंच, मग काय फरक पडतो. फरक हा की जुनं गोवं हे राजधानीचं अख्खं शहर होतं आणि ते रिकामं झालं, आणि फोंतेन्हास ही त्यानंतर पणजी वाढायला लागली तेव्हाची वस्ती आहे. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून जुनं गोवं घेतलं, 1530 पासून पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा सगळा कारभार इथून चालायला लागला, बाजार, वाडे, इस्पितळं, मठ सगळं होतं. पुढे कॉलरा आणि मलेरियाच्या साथींवर साथी आल्या, माणसं मरत गेली, उरलेली निघून गेली, 1759 मध्ये व्हाइसरॉयनेच मुक्काम पणजीला हलवला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मागे राहिलेल्या वाड्यांचा दगड काढून नेऊन पणजीत बांधकामं झाली. म्हणून आज जुन्या गोव्यात प्रचंड चर्चेस दिसतात आणि त्यांच्या मध्ये नुसती हिरवळ आणि माड. जिथे घरं होती तिथेच ती मोकळी जागा आहे, हे माहीत नसेल तर माणूस बोम जेझुस बघतो, से कॅथेड्रल बघतो, आणि 'बाकी काही नाही इथे' म्हणून अर्ध्या तासात गाडीत बसतो.

हे नीट कळायचं असेल तर बोम जेझुसपासून सुरुवात करू नका, आधी चढावर सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चकडे आणि मठाकडे जा. 1835 मध्ये मठ बंद झाले, 1842 मध्ये इथलं छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला, आणि 46 मीटरच्या त्या चिऱ्याच्या मनोऱ्याचा उरलेला भाग तेवढा उभा आहे. इथली मोठी घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे, त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या, तुम्ही फोटो काढताच तिथे. तसाच इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला क्रूस फोंतेन्हासमधल्या सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये आहे, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आणि मान ताठ. म्हणजे दोन ठिकाणांचा संबंध आहेच, पण तो असा आहे, एक शहर उचलून दुसरीकडे नेल्याचा.

अजून एक घोळ आदिलशहाच्या वाड्याचा. पणजीत मांडवीसमोर आबे फारियाच्या पुतळ्याशेजारी जो वाडा धडधाकट उभा आहे तो आदिलशहाचा पणजीतला वाडा, तिथे पुढे व्हाइसरॉय राहायचे आणि नंतर बरीच वर्षं सचिवालय होतं. जुन्या गोव्यात सेंट कायेतानजवळ जो नुसता काळ्या दगडाचा दरवाजा उरलाय तो त्याच्या दुसऱ्या वाड्याचा. गाइड लोकही एकाची गोष्ट दुसऱ्यापुढे उभं राहून सांगतात.

माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा फोंतेन्हास सोडा, जुनं गोवं सोडू नका. सकाळी आठ-साडेआठला तिथे पोचा, दुपारी सावली शोधत फिरावं लागतं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, गोल्फची शॉर्ट नको. मनोरा, मग बोम जेझुस, से कॅथेड्रल, शेवटी व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर, तिथून फेरीबोट दिवाडी बेटावर जाते. फोंतेन्हास ऊन उतरल्यावर, तासाभरात होतं. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम बघायचं असेल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. आणि 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना चालतात, तेव्हा तुम्हाला फक्त इतिहास बघायचा असेल तर ते दिवस मोबोरला नाहीतर राजबागला खेळा आणि जुनं गोवं फेस्त उरकल्यावर करा.