एकसष्टाव्या घराला राहणारा का मिळेना

दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं हे नाव तसं फसवंच. त्यातलं सीरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. या कुटुंबात खरोखर दुर्मीळ म्हणावं असं एकच, ते म्हणजे ६१ अणुक्रमांकाचं, म्हणजे केंद्रकात ६१ प्रोटॉन असलेलं, प्रोमेथियम. ते इतकं दुर्मीळ का, हे कळायला चाळीसेक वर्षं आणि दोन-तीन खोटी बारशी लागली.

निओडायमियम (६०) आणि सॅमेरियम (६२) यांच्या गुणधर्मांत जरा जास्तच अंतर पडतंय, मध्ये कुणीतरी हवं, असं प्रागचे रसायनशास्त्रज्ञ बोहुस्लाव ब्राउनर यांनी १९०२ मध्ये सुचवलं होतं. तो अंदाज होता. पुरावा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी दिला. १९१३-१४ मध्ये त्यांनी एकेका मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजली आणि अणुक्रमांक ही निव्वळ ओळीतली जागा नसून मोजता येणारी गोष्ट आहे हे दाखवलं. त्या हिशेबात ६०नंतर थेट ६२ येत होतं. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. रिकामी जागा मात्र ते पक्की करून गेले होते.

मग शोध सुरू झाला, आणि तो साहजिकच खनिजांत. मोनाझाइटसारख्या खनिजातून ही मूलद्रव्यं वेगळी करणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. सगळ्यांचे रासायनिक स्वभाव इतके सारखे की एकच क्षार शेकडो, कधी हजारो वेळा विरघळवून पुन्हा स्फटिक करायचा, तेव्हा कुठे थोडा फरक पडतो. १९२६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातले हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी वर्णपटातल्या काही रेषांच्या आधारे ६१वं सापडल्याचं सांगितलं आणि त्याला 'इलिनियम' म्हटलं. लगेच फ्लॉरेन्सहून रोला आणि फर्नांडेस पुढे आले: आम्हाला हे आधीच मिळालंय, १९२४ मध्येच पाकीट सीलबंद करून अकादमीकडे दिलंय, नाव 'फ्लॉरेन्शियम'. पहिलं कोण यावरून बरीच शाई खर्ची पडली. भांडण ज्याच्यासाठी होतं ते दोघांच्याही भांड्यात नव्हतं.

ते तिथे का नव्हतं, याचं उत्तर १९३४ मध्ये योझेफ माटाउख यांच्या नियमातून मिळालं. नियम साधा आहे. एकाच मूलद्रव्याचे न्यूट्रॉनच्या संख्येत वेगळे असलेले अणू म्हणजे समस्थानिक, आणि प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. शेजारशेजारच्या दोन मूलद्रव्यांचे समस्थानिक एकाच अणुवस्तुमानांकाचे असतील, तर ते दोन्ही एकाच वेळी स्थिर राहू शकत नाहीत. ज्याच्या केंद्रकात ऊर्जा जास्त, ते बीटा ऱ्हासाने (केंद्रकातून बीटा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, बाहेर टाकून) किंवा इलेक्ट्रॉन ओढून घेऊन दुसऱ्यात बदलतं. आता शेजाऱ्यांच्या निसर्गात टिकलेल्या समस्थानिकांची यादी पाहा. निओडायमियमकडे १४२, १४३, १४४, १४५, १४६, १४८ आणि १५०. सॅमेरियमकडे १४४, १४७, १४८, १४९, १५०, १५२ आणि १५४. म्हणजे १४२ ते १५० या टापूतला प्रत्येक आकडा कुणी ना कुणी आधीच घेतलेला. प्रोमेथियमला स्थिर राहायचं तर याच टापूत राहायला हवं, कारण त्याबाहेर न्यूट्रॉन एकतर फार कमी पडतात किंवा फार जास्त होतात. जागा होती, पण शेजाऱ्यांनी ती दोन्हीकडून भरून टाकली होती.

म्हणून त्याचे सगळे समस्थानिक किरणोत्सर्गी. सर्वांत दीर्घजीवी प्रोमेथियम-१४५, अर्धायुष्य (म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ) १७.७ वर्षं, ते निओडायमियमकडे जातं. प्रोमेथियम-१४६चं साडेपाच वर्षं, आणि त्याचा ऱ्हास दोन्ही शेजाऱ्यांकडे होतो. प्रोमेथियम-१४७चं २.६२ वर्षं, ते बीटा कण टाकून सॅमेरियम-१४७ होतं. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं. घडणीच्या वेळी जे काही असेल ते केव्हाच संपलं.

म्हणजे शोधायचं नव्हतं, बनवायचं होतं. १९३८ मध्ये ओहायोत सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून निओडायमियमवर मारा करून तसा प्रयत्न झाला, 'सायक्लोनियम' हे नावही सुचवलं गेलं, पण रासायनिक पुरावा देता आला नाही. तो दिला १९४५ मध्ये मारिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोरिएल यांनी, अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत. अणुभट्टीतल्या युरेनियमच्या विखंडनातून (केंद्रक फुटण्यातून) निघालेला कचरा त्यांनी आयन-विनिमय रेझिनमधून, म्हणजे वेगवेगळे आयन कमी-अधिक धरून ठेवणाऱ्या पदार्थातून, गाळला. जे काम स्फटिकांना जमलं नव्हतं ते रेझिनने केलं. युद्धकाळातल्या कामामुळे जाहीर व्हायला १९४७ उजाडलं. देवांकडून अग्नी चोरणाऱ्या प्रोमेथियसचं नाव कोरिएल यांच्या पत्नी ग्रेस मेरी यांनी सुचवलं.

पुढची कडी मला जास्त रंजक वाटते. प्रोमेथियम-१४७पासून बनणारं सॅमेरियम-१४७ हेही किरणोत्सर्गी आहे. सॅमेरियममधून अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा गठ्ठा) निघतात हे रसायनशास्त्रज्ञ हेवेशी यांनी १९३२मध्येच दाखवलं होतं. पण अर्धायुष्य १०६ अब्ज वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या सातपटीहून जास्त. अडीच वर्षांच्या घाईनंतर अशी सुस्ती, आणि मग निओडायमियम-१४३. या शेवटच्या पायरीवर १९७०च्या दशकात भूवैज्ञानिकांनी उल्का आणि चंद्रावरच्या खडकांचं वय मोजायची पद्धत उभी केली. सॅमेरियम आणि निओडायमियम यांचे स्वभाव एकसारखे असल्याने खडक तापला, झिजला तरी दोघांची फारशी फारकत होत नाही. ज्या साम्याने रसायनशास्त्रज्ञांना रडवलं तेच इथे उपयोगी पडलं.

निसर्गात प्रोमेथियम अगदीच नाही असं नाही. युरेनियमचं केंद्रक क्वचित आपोआप फुटतं, त्यातून ते कणाकणाने बनत राहतं. युरोपियम-१५१च्या अतिमंद अल्फा ऱ्हासातूनही थोडं मिळतं. संपूर्ण भूकवचात एका वेळी साधारण अर्धा किलो, असा हिशेब मांडला जातो. वापरायचं ते अणुभट्टीतूनच आणावं लागतं. रेडियमऐवजी चमकणाऱ्या रंगांत ते वापरलं गेलं, १९७०च्या दशकात काही पेसमेकरच्या बॅटऱ्यांतही.

२०२४ मध्ये ओक रिजच्याच शास्त्रज्ञांनी प्रोमेथियमचं एक संयुग पाण्यात बनवून त्यातल्या बंधांची लांबी मोजली. शुद्धीकरणाला त्यांना फार जपावं लागलं, कारण नमुना स्वच्छ केला त्या क्षणापासून त्यात सॅमेरियम साचायला लागतं.